विचार करणारी गाडी

माझ्या हातात कसब आहे. हे मीच सांगते, कारण आमच्या घरात दुसरं कोणी आपणहून सांगायचं नाही. घणसोली गावात, अंगाला अंग लावून उभ्या असलेल्या घरांमध्ये, आमच्या घराच्या तळमजल्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. नेसायला तयार अशा नऊवाऱ्या मी शिवते. लग्नसराईत तर मान वर करायला फुरसत नसते. मशीन बिघडलं तर मी कारागीर बोलवत नाही. स्वतः उघडते, साफ करते, तेल घालते, परत बसवते, आणि एखादा स्क्रू उरलाच तर परत उघडते. तरीही गेल्या वर्षी मी म्हणाले की गाडीचं काय ते माझं मी बघते, तेव्हा माझा भाऊ असा काही हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. सांडू दे. त्याचाच शर्ट होता.

लग्न मी केलं नाही. का, ती वेगळी कहाणी आहे, इथे नको. घरात मी आणि माझी आय. धाकटा भाऊ बायकोमुलांना घेऊन उलव्याला टॉवरमध्ये राहतो. आय मूळची मोऱ्याची, उरणच्या बंदरावरची, मासेमारी करणाऱ्या घरातली. वडिलांचं घर इथलं, खाडीकाठचं. मिठागरं गेली, शेतं गेली, राहिल्या त्या घरामागच्या भाड्याच्या खोल्या. वडील गेल्यापासून त्या खोल्यांचा कारभार आय बघते. तिच्या कमरेला चांदीचा छल्ला असतो आणि त्यात घरातल्या झाडून सगळ्या किल्ल्या अडकवलेल्या: खोल्यांच्या चाव्या, कपाटाची, देवघराची, पाण्याच्या मोटरच्या पेटीची. ती यायच्या आधी चाव्यांचा आवाज येतो. तो ऐकला की भाडेकरूंच्या बायका नळ बंद करतात.

गाडी मी माझ्या शिलाईवर घेतली. छोटी, लाल, ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर टाकायची कटकट नाही. चावीसुद्धा फिरवायची नाही. चावी पर्समध्ये असली की गाडीला कळतं, जवळ गेलं की तिचे आरसे उघडतात, लांब गेलं की मिटतात. शोरूमवाल्याने माझ्या हातावर दोन चाव्या ठेवल्या. आय शेजारीच उभी होती.

"दोन कला?" तिनं विचारलं. दोन कशाला, असं.

"एक हरवली तर दुसरी."

"हरवते कशी? दुसरी मना दे."

आणि ती काळी प्लास्टिकची चावी तिथेच, शोरूमच्या पेढ्यांच्या बॉक्ससमोर, तिच्या छल्ल्यात गेली. आयला गाडी चालवता येत नाही, शिकायचीही नाही. पण बाजारात कोणी विचारलं, काय गो, पोरीनं गाडी घेतली म्हणे, की ती तोंडाने काही बोलत नसे. नुसता पदर बाजूला करायची.

गाडी घेताना माझ्या मनात एकच होतं, आणि ते मी उघड बोलूनही दाखवलं होतं. आयला तिच्या माहेरी मी नेणार. आयुष्यभर ती मोऱ्याला दुसऱ्याच्या मर्जीने गेली. वडिलांना सुटी असली तर, भावाला वेळ असला तर, कोणाचा टेम्पो तिकडे चालला असला तर. आता तिने नुसतं चल म्हणायचं आणि मी निघायचं, असं ठरवलं होतं.

पण गाडीला एक खोड होती. ती विचार करायची.

म्हणजे काय, ते शिलाईवालीला लगेच कळेल. मशीनच्या मोटरचा पट्टा ढिला झाला की आपण पायाने पेडल दाबतो आणि मशीन ढिम्म. आपण आणखी दाबतो. मग ते एकदम सुटतं आणि टीप कुठल्या कुठे जाते. माझी गाडी अगदी तशीच. जुन्या गाड्यांना पेडलपासून इंजिनापर्यंत सरळ तार असायची. पाय दाबला की तार ओढली जायची, संपला विषय. आताच्या गाडीत तार नाही. पेडल फक्त सांगावा धाडतं, की बाई दाबते आहे. तो गाडीतल्या कॉम्प्युटरकडे जातो, आणि कॉम्प्युटर ठरवतो की बाईला खरंच जायचंय की उगाच पाय पडलाय. पेट्रोल वाचावं, धूर कमी व्हावा म्हणून त्याला तसं शिकवलेलं असतं म्हणे. सोसायटीच्या आवारात हे ठीक आहे. मोठ्या रस्त्यावर जीव टांगणीला लागतो.

आणि तसंच झालं. एका रविवारी आयला घेऊन दिवाळ्याला गेले होते. बेलापूरच्या खाडीवरचं ते कोळ्यांचं गाव. तिथल्या बायका आयच्या ओळखीच्या, त्यामुळे भाव नाही, नुसत्या गप्पा आणि वर मूठभर जास्त. कोळंबी, मांदेली, बोंबील घेऊन परत निघालो. आय मागे बसली होती, पिशवी मांडीवर. दिवाळ्यातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागताना उजवीकडून कंटेनर येताना दिसला. लांब होता. मी जाऊ शकत होते. मी दाबलं, आणि गाडी विचार करत बसली. अर्धी रस्त्यात, अर्धी गल्लीत. कंटेनरवाल्याचा हॉर्न असा आला की कान बंद झाले. घाबरून मी पेडल पार खाली दाबलं आणि तेव्हा कुठे गाडीला साक्षात्कार झाला. ती उसळून निघाली, मागची पिशवी उलटली, आणि कोळंबी माझ्या नव्या सीटच्या फटीफटीत जाऊन बसली.

पुढे जाऊन गाडी कडेला लावली. आय सीटखाली वाकली. शांतपणे एकेक मांदेली वेचून पिशवीत भरली. घरी आल्यावर उतरली, दार लावलं आणि म्हणाली, "बाय, मी नाय बसायची आता तुझे गारीत."

"अगं आय, गाडीची चूक होती!"

"कोनाची का असना."

बस्स. विषय बंद. आमची आय एकदा नाही म्हणाली की तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. मला इतका राग आला, इतका राग आला की मी त्या सीटमधली कोळंबी काढता काढता मोठ्याने रडले. वास तर पुढे कितीतरी दिवस जात नव्हता. गिऱ्हाइकाच्या नऊवाऱ्या पोचवायला नेताना खिडक्या उघड्या ठेवून जायची.

त्यातच मोऱ्याहून मामाचा फोन आला. मामाने नवी होडी बांधली होती. होडी पहिल्यांदा पाण्यात उतरते तेव्हा आधी बहिणीने ओवाळायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. आणि मामाला बहीण एकच, माझी आय. दिवस ठरला होता, आणि वेळ ठरवणारं तर समुद्राचं पाणीच. दुपारची भरती भरली की होडी उतरवायची, कोणासाठी थांबायचं नाही. आय फोनवर हसली, रडली, परत हसली. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोराला सांगते न्यायला."

मला कुठे लागलं असेल, ते लिहून दाखवता यायचं नाही. मी म्हणाले, "आय, तुला मी नेणार. गाडी मी नीट करते."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "जायच्या आदल्या सांजेपातूर नीट झाली त बसेन. नाय त पोराला फोन."

आधी मी शोरूमला गेले. तिथला टाय लावलेला मुलगा गाडी एक चक्कर फिरवून आला. "मॅडम, गाडी एकदम ओके आहे. या मॉडेलला असंच असतं. थोडी सवय करा." मी म्हटलं, सवय मी करते, तुम्ही फक्त त्या कंटेनरवाल्याला येऊन सांगा. तो बिचारा हसला. तो तरी काय करणार.

मग मी मोबाइल घेऊन बसले. पदराच्या टिपा घालता घालता किती व्हिडिओ बघितले असतील, मोजदाद नाही. त्यातूनच कळलं की या दुखण्यावर एक छोटी डबी मिळते, थ्रॉटल कंट्रोलर नावाची. पेडलची वायर कॉम्प्युटरकडे जाते ना, तिच्या मध्ये ही डबी जोडायची. ती पेडलचा सांगावा जरा ठासून पुढे पाठवते, म्हणजे कॉम्प्युटरला शंका राहत नाही. इंजिनाची ताकद वाढत नाही, हे मी नीट वाचून घेतलं. फक्त गाडी वेळेवर ऐकते. वायर कापायची नाही, सोलायची नाही. काढली की गाडी परत होती तशी. वॉरंटीचं जरा इकडेतिकडे होऊ शकतं, असंही लोक लिहीत होते. म्हटलं, होऊ दे. मला वॉरंटी मोऱ्याला न्यायची नव्हती, आय न्यायची होती.

भाऊ ऐकून हसला, तो हाच प्रसंग. "ताई, ते पोरंटोरं लावतात गं, रेस लावायला. तू काय पाम बीच रोडवर रेस लावणार?" मी म्हटलं, "लावीन. तू मागे राहशील." तो म्हणाला, टेन्शन घेऊ नकोस, मी नेतो ना आयला. तो मनाने वाईट नाही. पण त्याला कधी कळलं नाही की मी नेतो हेच वाक्य मला नको होतं.

डबी आली, आणि निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर मी अर्धं खाली ओढलं. गाडी आमच्या ओट्यासमोर उभी. जोडणी सोपी होती, पण एक गोष्ट प्रत्येक व्हिडिओत बजावून सांगितली होती. गाडी झोपेत असली पाहिजे. इंजिन बंद करायचं, दार उघडून ठेवायचं, चावी खूप लांब नेऊन ठेवायची, आणि थांबायचं. चावी जवळ असली तर कॉम्प्युटर जागा राहतो, आणि जागेपणी त्याची वायर काढली तर त्याला वाटतं पेडलच तुटलं. मी माझी चावी वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात, पिठाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. वर झाकण लावलं. आपण काम करतो ते पक्कं.

आय खुर्ची घेऊन गाडीशेजारी येऊन बसली.

"तू कशाला? जा ना आत."

"रस्ता हाय. तुझे पाय बाहेर. कोनची रिक्षा पायावरून गेली तं?"

तर आय राखणीला बसली, उघड्या दाराशी, हातभर अंतरावर. व्हिडिओत सांगितलेला वेळ मी थांबले, मग टॉर्च दातात धरून स्टिअरिंगखाली उताणी घुसले. माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या बाईने ते कसं केलं, हे विचारू नका. डोकं ब्रेकपाशी, पाय गल्लीत. येणारी जाणारी प्रत्येक बाई विचारत होती, काय गो, काय झालं, आणि आय सांगत होती, काय नाय, काम चाललंय. पेडलच्या वर जोडणी सापडली. तिची खिट्टी दाबून ओढली. टक् करून निघाली. डबीची वायर मध्ये लावली, पायात येऊ नये म्हणून वर पट्टीने बांधली, डबी स्टिअरिंगच्या बाजूला चिकटवली. बाहेर आले, केस झटकले, वरून चावी आणली, आणि बटण दाबलं.

समोर पिवळा दिवा. इंजिनाचं चित्र. पेडल दाबलं तर गाडी म्हाताऱ्या माणसासारखी कण्हली आणि जागची हलेना. आधी निदान विचार करत होती. आता तर तिने विचार करणंही सोडलं.

मी डबी काढली, परत मूळची जोडणी लावली. दिवा तसाच. परत डबी लावली. दिवा तसाच. एव्हाना माझ्या कोपराची साल निघाली होती. आय खुर्चीवरून उठली नाही, पण तिने मोबाइल हातात घेतला होता. भावाचा नंबर तिने काढला नव्हता अजून. पण काढणार होती, आणि मला ते दिसत होतं. मी दार धाडकन लावलं, वर जाऊन आले आणि ओट्यावर बसले. काय चुकलं? एकेक पायरी मनात उसवून बघितली. कुठेच धागा सापडेना. माझ्या हाताचं काम फुकट गेलं, हे मला सहनच होत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या खोल्यांकडे आरडाओरडा सुरू झाला. पाण्यावरून दोन भाडेकरणी भांडत होत्या. आय उठली. "आले गो भवान्यांनो," म्हणत, चाव्या वाजवत बोळात शिरली.

आणि गाडीने टिक् केलं. आरसे मिटले.

मी बघत राहिले. माझी चावी माझ्या हातात नव्हती. रागाच्या भरात मी ती परत वर नेऊन डब्यात टाकली होती. दुकानात कोणी नाही, गल्लीत कोणी नाही. मग गाडी कोणाला निरोप देते आहे?

भांडण मिटवून आय परत आली. चाव्यांचा आवाज जवळ आला. खुर्चीशी पोचली, आणि गाडीचे आरसे उघडले, दिवे लुकलुकले. माझ्या आयला माझी गाडी नमस्कार घालत होती.

"आय!" मी अशी ओरडले की समोरचा किराणावाला बाहेर आला. "तुझ्या कमरेला काय आहे?"

"काय हाय? चाव्या हायेत."

ती काळी चावी. दुसरी. सकाळपासून आय उघड्या दाराशी बसली होती, आणि तिच्या कमरेला गाडीची चावी. गाडी झोपणार कशी? घराची मालकीण शेजारी बसली असताना आमच्या घरात माणूस झोपत नाही, गाडी काय झोपेल. मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. कोणत्या व्हिडिओतला कोणता माणूस सांगणार होता की तुमच्या आईला जरा लांब बसवा म्हणून?

आयला मी सगळं समजावलं. तिने ऐकलं. मग मी म्हटलं, "ती चावी तेवढी काढून दे, वर ठेवते."

"चावी नाय काढायची."

"अगं, थोड्या वेळासाठी!"

"तुझे आजीनं छल्ला दिला मना. एकदा कमरेला लागला, त चावी उतरवायची नाय." तिने पदर खोचला. "चावी लांब पायजे ना? मीच लांब जाते."

आणि ती खरंच गेली. चपला घालून, गल्लीच्या टोकाला गावदेवीच्या देवळात जाऊन बसली. जाताना म्हणाली, "झाला का हाक मार. नीट कर आता."

नीट कर आता. ते वाक्य मी आजही विसरले नाही, कारण फोन तिने खुर्चीवर तसाच ठेवला होता. भावाला न लावता.

पिवळा दिवा घालवायला बॅटरीची एक वायर काढून ठेवावी लागते, हेही मी शोधून काढलं. पाना माझ्याकडे होताच. वायर काढली, थांबले, परत लावली. गाडीचं घड्याळ शून्यावर गेलं, पण दिवा विझला. मग सगळं पहिल्यापासून. दार उघडलं, चावी डब्यात, आय देवळात, गाडी झोपेत. परत उताणी घुसले. परत टक्. या वेळी हात घाईत नव्हते. बाहेर आले, बटण दाबलं, आणि समोर काहीच नाही. स्वच्छ. डबीवरचा हिरवा आकडा तेवढा चमकत होता. देवाची शपथ, कोणा नवरीच्या नऊवारीचा काष्टा पहिल्यांदा नीट बसला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

गाडी घेऊन एकटीच ठाणे-बेलापूर रस्त्याला गेले. उत्साहात डबी सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवली होती. जरा पाय लावला तर गाडी उधळली. हे नको बाई, म्हटलं. आकडा कमी करत करत, पाय आणि गाडी एका तालात येईपर्यंत आणला. दाबलं की जाते, सोडलं की थांबते, मध्ये विचार नाही. रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी स्वतःच्या हातांकडे बघितलं. काळे, ओरखडलेले. म्हटलं, शाब्बास गं बाई.

दुसऱ्या दिवशी आय हिरवं लुगडं नेसून खाली आली. हातात ओवाळणीचं ताट, फडक्यात बांधलेलं. मी मागचं दार उघडलं. तिने ते बंद केलं आणि पुढे येऊन बसली, माझ्या शेजारी. आजपर्यंत ती कधी पुढे बसली नव्हती.

"पहिली दिवाल्याला घे."

"दिवाळ्याला कशाला?"

"मासली घ्याची."

मोऱ्याला जाताना दिवाळ्यातून मासळी. समुद्रावर जाताना तलावातून पाणी भरून नेल्यासारखं. मी गाडी दिवाळ्याकडे वळवली. मला समजलं होतं. ही परीक्षा होती, आणि तीही त्याच ठिकाणी.

दिवाळ्यात तिने दोन शिळोप्याच्या गप्पा मारल्या, मासळी एकही घेतली नाही आणि परत येऊन बसली. आम्ही त्या वळणावर आलो. कंटेनरांची रांगच लागली होती, बंदराकडे जाणारी. मध्ये एक फट दिसली. आय रस्त्याकडे बघतच नव्हती. माझ्या बाजूला, खाली कुठेतरी बघत होती. मला वाटलं, डबीकडे बघते आहे. मी दाबलं. गाडी निघाली, सरळ, जशी निघावी तशी, आणि आम्ही कंटेनरच्या पुढे आपल्या लेनमध्ये होतो. कोणी हॉर्न वाजवला नाही. आय मागे टेकली आणि तिने ताटाचं फडकं सारखं केलं.

मोऱ्याला पोचलो तेव्हा पाणी चढत होतं. होडी किनाऱ्यावर निळ्या-पिवळ्या रंगात, झेंडूच्या माळा घालून उभी. मामा धावतच आला. आयने होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळद-कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ वाढवला, आणि पाणी तळाला लागताच सगळ्यांनी मिळून होडी ढकलली. ती पाण्यावर गेली तेव्हा आयच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिच्या माहेरच्या सुखात ती वेळेवर पोचली होती, आणि मी पोचवली होती. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

मग बायकांत बसून आयने जी काही सुरुवात केली! "बायनं गारी नीट केली. स्वता. उलटी पडून. आत कम्पुटर हाय त्याला, त्याला तिनं झोपवला, मग त्याची नस काढली." कोणीतरी विचारलं, तुला गो कसं ठाऊक? आय म्हणाली, "मी व्हते ना. माझे चावीशिवाय काम व्हतच नव्हता." मी पानं वाढत होते, मला हसू आवरेना. कामाचा सगळा घोळ तिच्या चावीने घातला होता, आणि गावभर सांगताना चावीचा मान तिने पुरेपूर वसूल केला. मी तिचं काही खोडलं नाही.

जेवणं झाली तेव्हा भाऊ त्याच्या मोठ्या गाडीतून आला. होडी बघितली, मामाच्या पाया पडला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आय, येताना माझ्यासोबत चल. मागे आडवी पडून जा निवांत. ताईच्या गाडीत त्या दिवशी किती घाबरली होतीस."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. आयने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी घाबरले?" ती म्हणाली. "मी वल्हवत्या होडीत जलमले, मी गारीला भ्यायची? त्या दिवशी हिचे हात कापत व्हते. स्टेरिंगवर. बाप गेला तवा कापले नाय हिचे हात. ठरलेला लग्न मोडला तवा नाय कापले. त्या दिवशी कापले. माझ्यापायी." तिने लुगड्याचा काठ सारखा केला. "मना कला पायजे तसा माहेर, पोरीचे हात कापवून? म्हनून नाय बसले."

दिवाळ्याच्या वळणावर तिची नजर कुठे होती ते मला आठवलं. ती डबीकडे बघत नव्हतीच.

"आज नाय कापले," आय म्हणाली. "मी बघितला."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मामी पदराने माझे डोळे पुसायला लागली, तर तिचेच ओले झाले. भावाने पुढे होऊन आयचं ताट उचललं आणि माझ्या गाडीत नेऊन ठेवलं.

दिवस मावळायच्या आत निघालो. आयने पट्टा लावला. तो छल्ल्यात अडकला, चाव्या खणखणल्या, तिने तो सोडवून परत नीट बसवला. मोऱ्याच्या गल्लीतून बाहेर पडून मोठ्या रस्त्यापाशी आले. उजवीकडे कंटेनर होता, लांब. सवयीने मी थांबले. आयने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

"थांबलीस कला?" ती म्हणाली. "दाब."

मी दाबलं.